हौसाबाई राणीसाहेबांनी घरी कलप लाविला त्याची हकीकत

॥ जी कुलस्वामिनी आपल्या लेकरांच्या माथ्यावर हात ठेविते, आणि त्या माथ्यावर काय पिकले व माथ्याच्या आत काय शिजते हे दोन्ही जाणते, तिला दंडवत घालोन हा मजकूर लिहिला असे. शके सोळाशे एकाहत्तर, संवत्सराचे नाव शुक्ल, आणि त्या नावाचा गुण एका राणीच्या केसांस कैसा लागला ते येथे सांगितले आहे. राज्य कोणते आणि राजधानी कोठे, हे सांगावयाचे प्रयोजन नाही. डोंगराळ मुलूख होता, मध्ये मोठी नदी होती, राज्य लहान परंतु नांदते होते, आणि त्यावर रायाजीराजे धनी होते. नदीपलीकडील एका ठाणेदाराने बंड केले म्हणोन राजे चैत्रात फौज घेऊन निघाले, आणि निघताना राणी हौसाबाईसाहेब यांस म्हणाले की, "पाऊस लागण्याआधी येतो. तोवर राज्य तुम्ही पाहा, आणि कोणी काही सांगितले तरी घाबरू नका." आणि पाऊस त्या वर्षी लवकर लागला, आणि नदीस असा पूर आला की नावा वाहून गेल्या आणि पलीकडचा माणूस अलीकडे येईनासा जाहला. आषाढात एक जासूद कसाबसा पोहत आला, त्याने सांगितले की ठाणे घेतले, परंतु राजांस ज्वर आहे. मग श्रावण गेला, भाद्रपद गेला, आणि पलीकडोन दुसरा कोणी आला नाही.

राजांस मूलबाळ नव्हते. त्या राज्याची रीत अशी की राजा हयात आहे आणि मोहिमेवर आहे, तोवर राणीने सदरेवर बसावे. राजा गेला तर गादी भाऊबंदांकडे जावी, आणि राणीने देवघरात बसावे. भाऊबंदांत थोर ते राजांचे चुलतभाऊ हैबतराव. ते रोज सदरेवर येत, मुजरा करीत, आणि नदीचे पाणी किती उतरले ते मोठ्या काळजीने पुसत. ती काळजी कशाची, हे हौसाबाईसाहेबांस कळत होते. बाईसाहेब दिवसा तंटे तोडीत, वसुलाचे पाहत, गडावर दाणागोटा धाडीत, आणि अंथरुणावर पडल्या म्हणजे नदीचा आवाज ऐकत. वय चाळिशीच्या आतलेच. एके सकाळी वेणी घालताना आरसा धरिला, तो भांगाच्या दोन्ही अंगांस पांढरे दिसले. राख लागली असेल म्हणोन पुसले, ते पुसले जाईना. मग चार केस उपटले, आणि दोन दिवसांनी पाहतात तो उपटावयाचे म्हटले तर टक्कल पडेल इतके जाहले होते. घट बसले त्या दिवशी दोन्ही कानशिले आणि सारा भांग कापसासारखा जाहला.

आता केस पिकले यात विशेष ते काय, ऐसे कोणी म्हणेल. परंतु पलीकडची बातमी येत नव्हती, म्हणोन लोक बातमी बाईसाहेबांच्या तोंडावर वाचीत. त्या जेवल्या नाहीत तर बाजारात कुजबुज होई, आणि त्या हसल्या तर उसने हसल्या म्हणत. घटस्थापनेच्या दुसरे दिवशी बाईसाहेब देवघराकडे जात असता दाराआड दोघे पहारेकरी बोलताना ऐकले. एक म्हणाला, "बाईसाहेबांचा भांग पाहिलास काय? बाईमाणसाचा केस असा एकदम पिकत नाही. पलीकडोन काहीतरी आले आहे, आणि आपणांपासोन लपविले आहे." दुसरा म्हणाला, "मग आपण पहारा कोणाचा करतो आहोत?" हे ऐकोन बाईसाहेबांनी पदर भांगावर पुढे ओढिला. काही आले असते तर लपविण्याचे तरी समाधान होते; आलेच काही नव्हते, आणि हे कोणास सांगावे तर कोण खरे मानील? तशात खंडेनवमी जवळ आली. त्या दिवशी राज्य चालविणाराने देवीपुढे मस्तक उघडे करावे, देवीच्या भोपिणीने, म्हणजे पुजारणीने, भांगात आणि मळवटी कुंकू भरावे, मग खड्ग हाती घ्यावे, आणि गडागडांच्या किल्लेदारांनी त्या खड्गास मुजरा करावा, ऐसा शिरस्ता होता. म्हणजे जो भांग पदराखाली झाकोन झाकोन ठेविला, तो सगळ्या राज्यासमोर उघडा पडणार होता, आणि हैबतरावांस एवढेच पाहावयाचे होते.

बाजारपेठेत बकुळा नावाच्या बाईचे केशगृह होते. थोरामोठ्यांच्या बायका तेथे जाऊन न्हात, धूप घेत, तेल चोळून घेत, आणि ज्यांचे केस पिकले त्या आतल्या पडद्यामागे बसोन कलप लावीत. बाईसाहेबही महिन्यातोन एकदा जात, तेल लावोन घेत आणि डोळे मिटोन पडत. बकुळेचा हात हलका होता, स्वभावही वाईट नव्हता, परंतु तिच्या पोटात पाणी ठरत नसे. एकीचे सांगितल्याशिवाय दुसरीचे डोके धुवायला तिला सुचतच नसे. हैबतरावांची बायको जानकाबाई, तीही तेथलीच गिऱ्हाईक. तेव्हा बाईसाहेबांनी तेथे जाऊन पडद्यामागे बसणे म्हणजे चावडीवर उभे राहोन सांगण्यासारखेच. बकुळेस वाड्यात बोलवावे, तरी तेच. आणि त्या महिन्यात बाईसाहेब केशगृही गेल्या नाहीत, याचीही चर्चा होऊ लागली होती. जावे तरी भय, न जावे तरी भय, ऐसे जाहले.

राजांची धाकटी बहीण बयाजाबाई. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि वाड्याच्या मागच्या सोप्यात राहिली. नणंद-भावजयीत भांडण नव्हते, गोडीही नव्हती. सणावारी एकमेकींस नमस्कार करीत, इतकेच. सप्तमीच्या दुपारी बयाजाबाई आपण होऊन बाईसाहेबांच्या खोलीत आल्या, कडी लाविली, आणि म्हणाल्या, "वहिनीसाहेब, पदर काढा. पाहू दे मला." बाईसाहेबांनी पदर काढिला. बयाजाबाई भांग पाहोन म्हणाल्या, "खरे सांगा. दादाची काही बातमी आहे काय?"

"वन्सं, देवीची शपथ, काही नाही."

"मग हे?"

"हे असेच जाहले. मला झोप येत नाही."

बयाजाबाईंचे स्वतःचे डोके पांढरे होते, ते विशीपासोनचे. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आमचे गेले तेव्हा माझे केस असेच जाहले, म्हणोन मला वाटले तुम्हांस कळले आहे आणि तुम्ही मला सांगत नाही. रोज मागच्या सोप्यात बसोन हेच म्हणत होते."  हौसाबाईसाहेबांस वाटे की या मुलखात भयाने जागणारी आपण एकटीच आहो. तो भिंतीपलीकडे दुसरी जागत होती. मग दोघींनी विचार केला. केस कापावे, तर घट बसले आहेत, कातर लावता येत नाही. भांग झाकावा, तर तो उघडणे हाच विधी. तेव्हा कलप लावावा, आणि तो घरीच लावावा, तिसऱ्या माणसास कळो नये, ऐसे ठरले. बयाजाबाई म्हणाल्या, "मी लावते. त्यात काय आहे? लुगडी रंगवली आहेत मी." बाईसाहेबांस हे ऐकोन धीर आला आणि थोडे भयही वाटले.

मग बयाजाबाईंनी लुगडे रंगवावयाचे निमित्त करोन रंगाऱ्याकडोन निळीच्या पाल्याची भुकटी आणविली, आणि मेंदी तर सणाची म्हणोन घरात होतीच. अष्टमीस सकाळीच न्हाणीघरात पाट मांडिला, दार लाविले, आणि दासींस सांगितले की बाईसाहेब उद्यापर्यंत मौन धरोन अनुष्ठानास बसल्या आहेत. लोखंडी कढईत भुकटी कालविली. बाईसाहेबांनी पुसिले, "आधी मेंदी लावतात ना?" बयाजाबाई म्हणाल्या, "मेंदीने केस तांबडे होतात. आपणांस काळे हवेत. मग मेंदी कशास? निळीवर नीळ दिली की काळेच होते, लुगड्यास मी नेहमी देते." हे बोलणे इतके सरळ वाटले की बाईसाहेबांनी डोके पुढे केले. मग तो हिरवा चिखल केसांस लागला, भांगात भरला, कानशिलांवर थापला, वर एरंडाची पाने ठेवोन फडके बांधिले. थंडगार ओघळ मानेवरोन पाठीत उतरत होते, आणि बाईसाहेब पाटावर बसल्या आणि त्यांस क्षणोक्षणी वाटे की लौकर धुवावे, आणि मग वाटे की लौकर धुतले तर रंग धरणार नाही, आणि मग वाटे की फार ठेविले तर केस गळतील. दर थोड्या वेळाने त्या पुसत, "वन्सं, पाहता का?" आणि बयाजाबाई फडक्याची कड उचलोन म्हणत, "अजून चिखलच दिसतो." शेवटी दोघींसही धीर धरवेना, तेव्हा पाणी ओतिले.

पाणी ओतता ओतता बयाजाबाईंचा हात थांबला. बाईसाहेबांनी पुसिले, "जाहले काय काळे?"  बयाजाबाई म्हणाल्या, "अगदी काळे नाही म्हणता येणार." आरसा आणिला. काळे केस होते ते काळेच होते. परंतु जेवढे पांढरे होते तेवढे पोपटाच्या पिसाऐसे हिरवे जाहले होते, कानशिलांपाशी निळसर, आणि कपाळावर हिरव्या रंगाची एक रेघ आली होती. पांढऱ्या केसांची राणी लोकांनी कधीतरी पाहिली असती. हिरव्या केसांची कोणी पाहिली नव्हती. बाईसाहेब आरशात पाहतच राहिल्या, आणि मग गुडघ्यांत डोके घालोन म्हणाल्या, "आता जाहले. उद्या हैबतरावांनी काही बोलावयासच नको. मीच आपल्या हाताने राज्य दिले." बयाजाबाई शिकेकाई लावोन घासू लागल्या, आणि रंग जाईना, आणि त्या घासीत राहिल्या आणि रडत राहिल्या आणि म्हणत राहिल्या, "माझेच चुकले. लुगड्याचे मला कळते, म्हणोन डोक्याचेही कळते वाटले." बाईसाहेबांनी त्यांचा हात धरिला, कारण कातडी जळजळू लागली होती. तो हात निळा, हा हात निळा, नखांच्या कडा निळ्या. आणि दोघी तशाच बसल्या असता बाईसाहेबांस कढईतल्या निळीचा वास आला, ओल्या गवतासारखा, आणि एकदम बकुळेचे केशगृह डोळ्यांपुढे आले. इतकी वर्षे तेथे डोळे मिटोन पडलो, पडद्यापलीकडे काय करतात ते कधी पाहिले नाही. परंतु नाक तर उघडे होते. आधी मेंदीचा वास येई, फार वेळ येई, मग पाण्याचा आवाज होई, आणि मग हा ओल्या गवताचा. त्या ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, मेंदी भिजवा. आधी तांबडे करावयाचे आणि मग त्यावर नीळ. ते तांबडे आणि हे निळे मिळोनच काळे होत असेल." बयाजाबाई म्हणाल्या, "आणि न जाहले तर?" बाईसाहेब म्हणाल्या, "याहून वाईट काय होणार आहे?" आणि हे बोलल्या खरे, परंतु आणखी वाईट काय काय होऊ शकेल ते सगळे त्यांच्या मनात येऊन गेले.

मेंदी लाविली आणि फडके बांधिले, इतक्यात दासी दाराशी येऊन म्हणाली की जानकाबाईसाहेब ओटी भरावयास आल्या आहेत आणि बाहेर बसल्या आहेत.  अष्टमीस सवाष्णीने ओटी आणिली ती परत धाडिता येत नाही. धाडिली तर राणीने ओटी नाकारली, म्हणजे ती सवाष्ण राहिली नाही, हा अर्थ जानकाबाई संध्याकाळच्या आत घरोघर नेईल. आणि घ्यावी, तर डोकीस मेंदीचा गोळा. मग बयाजाबाईंनी देवघराच्या दारास पडदा लाविला, बाईसाहेबांस त्यामागे बसविले, आणि आपण बाहेर जाऊन म्हणाल्या, "या जानकाबाई. वहिनीसाहेबांचे अनुष्ठान आहे, उद्या खड्ग हाती घेईतो तोंड दाखवावयाचे नाही. ओटी मात्र घेतील."

जानकाबाई म्हणाली, "अगोबाई, हे कसले अनुष्ठान? मी तर कधी ऐकले नाही. थोरल्या जाऊबाई बऱ्या आहेत ना? केशगृहीही आल्या नाहीत म्हणे." आणि हुंगोन म्हणाली, "मेंदीचा वास येतो."

"सण आहे," बयाजाबाई म्हणाल्या. "सणास घरात मेंदी भिजते."

मग पडद्याखालोन बाईसाहेबांनी पदर पुढे केला, आणि जानकाबाईने खण, नारळ आणि तांदूळ घातले, आणि घालता घालता तिची नजर पदर धरिलेल्या बोटांवर गेली. ती थांबली. पडद्यामागे बाईसाहेबांस ते थांबणे कळले आणि बोटे आत घ्यावी तर संशय, न घ्यावी तर दिसतात, म्हणोन त्या दगडासारख्या बसोन राहिल्या, आणि मेंदीचा एक ओघळ नाकावरोन ओठावर आला तो पुसताही येईना. जानकाबाई हळू म्हणाली, "जाऊबाई, तुमची नखे निळी दिसतात. प्रकृतीस जपा हो." आणि नमस्कार करोन निघाली, ती नेहमीपेक्षा भराभर चालत गेली. बयाजाबाई दाराशी उभ्या राहोन पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "घराकडे गेली नाही. बाजाराकडे वळली. बकुळेस पुसेल, की मेंदीचा वास आणि निळी नखे म्हणजे काय." आणि बकुळेस ते एका क्षणात कळेल, हे दोघींस ठाऊक होते. तरी आता थांबोन उपयोग नव्हता. दिवस कलता मेंदी धुतली, केस गंजलेल्या लोखंडाऐसे जाहले. मग त्यावर नीळ लाविली आणि दिवेलागणीस धुतली, तेव्हा एक विचित्र तपकिरी रंग दिसला, त्यात कोठे हिरवे, कोठे तांबूस. बाईसाहेबांनी आरसा पालथा ठेविला. देवीपुढे वात वर केली आणि केस मोकळे सोडोन पडल्या, आणि बयाजाबाई त्या दिवशी मागच्या सोप्यात गेल्या नाहीत, तेथेच पायथ्याशी आडव्या जाहल्या.

नवमीस सकाळी बयाजाबाईंनीच आरसा आणिला आणि म्हणाल्या, "वहिनीसाहेब, पाहा." वारा लागोन रंग गडद जाहला होता. भांग काळा, कानशिले काळी. उन्हात धरिले तर तांबूस झाक मारी, आणि डाव्या कानामागे एक बट हिरवी राहिली होती, ती वेणीत आत घातली. कपाळाची रेघ तेल चोळोन गेली, नखांची गेली नाही. बाईसाहेब दर्शनी चौकात आल्या तेव्हा किल्लेदार, शिलेदार, मानकरी, बाजारची मंडळी, सगळे दाटीने उभे होते, आणि सगळ्यांच्या नजरा पदरावर होत्या. वाजंत्री थांबली. म्हातारी भोपीण पुढे आली, कुंकवाचा करंडा घेतला, आणि बाईसाहेबांनी आपल्या हाताने पदर मागे केला.  भोपिणीने भांग पाहिला, डोळे बारीक करोन पुन्हा पाहिला, आणि बोट कुंकवात बुडविले. इतक्यात हैबतराव पुढे येऊन भोपिणीस म्हणाले, "थांबा, आईसाहेब. देवीपुढे खोटे चालत नाही, म्हणोन पुसतो. राणीसाहेबांनी डोकीस कलप लाविला आहे. नसल्यास त्यांनी हात वर करोन नखे दाखवावी."

कुजबुज उठली ती वाऱ्याऐशी चौकभर गेली. हैबतराव पुढे म्हणाले, "आठ दिवसांमागे भांग पांढरा होता, हे पहाऱ्याच्या माणसांनी पाहिले आहे. केस का पिकले, आणि ते झाकावे का लागले? वहिनीसाहेब, आम्ही दादांचे भाऊ आहो. दादा गेले असतील तर रडावयाचा हक्क आम्हांसही आहे." हे ते खऱ्या दुःखाने बोलले की साधोन बोलले, ते सांगवत नाही, परंतु ऐकणाऱ्या शिपायांचे डोळे भरले, आणि तेच भयंकर होते. हौसाबाईसाहेबांच्या कानांत नदीचा आवाज येऊ लागला.  मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि नखे सगळ्यांस दाखविली.

"होय," त्या म्हणाल्या, "कलप लाविला. बकुळेकडे न जाता घरी लाविला, आणि तो धड लागलाही नाही, आधी हिरवा जाहला." कोणी तरी मागे फसकन हसले आणि गप्प जाहले. "केस पिकले ते काळजीने पिकले. पलीकडोन बातमी आलेली नाही. जितके तुम्हांस ठाऊक आहे तितकेच आम्हांस ठाऊक आहे. परंतु हैबतराव, एवढे सांगा. धनी गेले हे आम्हांस कळले असते, तर आम्ही न्हाणीघरात डोकीस चिखल थापोन बसलो असतो काय? नवरा गेलेली बाई कोणासाठी केस रंगविते? येणारा आहे म्हणोन रंगविले. सहा महिन्यांनी धनी घरी येणार, त्यांपुढे कसे दिसावे, हे सदरेवर पुसोन ठरवावयाचे असते, हे आम्हांस ठाऊक नव्हते."

हैबतरावांनी तोंड उघडले, परंतु त्याआधी थोरल्या गडाचे किल्लेदार लिंबाजी नाईक, साठीचे गृहस्थ, मोठ्याने म्हणाले, "खरे बोलल्या! आमची घरधनीण, मी मोहिमेवरोन यावयाचा म्हटले की डोकीस फडके बांधोन बसते आणि मला ओट्यावरच थोपविते. आत घेते ती दुसरे दिवशी!" आणि सगळा चौक हसला, बायका पदर तोंडास लावोन हसल्या, आणि त्या हसण्यात भोपिणीने भांगात कुंकू भरले, मळवट भरला, आणि खड्ग हाती दिले. लिंबाजी नाईकांनी पहिला मुजरा केला, मग बाकीचे आले, आणि शेवटी हैबतरावांस करावाच लागला.

आत येऊन दार लाविले तेव्हा बाईसाहेब भिंतीस टेकोन खाली बसल्या. म्हणाल्या, "वन्सं, नवरा गेलेली बाई म्हणाले मी, आणि तुम्ही समोर उभ्या होता." बयाजाबाई म्हणाल्या, "तो शब्द मला नवा नाही." मग बाईसाहेब म्हणाल्या, "मी देवीपुढे खरे बोलले की खोटे, तेच मला कळत नाही. ते येणार म्हणोन मी रंगविले नाही. भिऊन रंगविले. आणि बोलू लागले तेव्हा वाटले की त्यांच्यासाठीच रंगविले." बयाजाबाई म्हणाल्या, "ते आल्यावर ठरवू," आणि करंड्याच्या कडेस लागलेले कुंकू पुसू लागल्या.

त्यानंतरचे दिवस आधीच्याहून कठीण गेले. आधी राजे न आले तर दुःख होते. आता राजे न आले तर दुःख, आणि वर सगळ्या राज्यासमोर सांगितलेली गोष्टही खोटी. रंग उतरत चालला, तांबडा दिसू लागला, आणि मुळाशी पांढरे वाढू लागले. बयाजाबाईंनी पुन्हा कढई काढिली, तो बाईसाहेब नको म्हणाल्या. दिवाळी दिव्यांवाचोन गेली. कार्तिकात पाणी उतरले, आणि एके दिवशी तिसरे प्रहरी नदीच्या वाटेस धूळ दिसली. फौज होती, निशाण होते, परंतु शिंग वाजत नव्हते, आणि मध्ये एक पालखी होती आणि तिचे पडदे पाडलेले होते. वेशीवरचे लोक हे पाहोन वाट सोडोन उभे राहिले. हैबतराव घोड्यावरोन उतरोन उभे राहिले. बाईसाहेब कोणास न सांगता पायी निघाल्या, आणि बयाजाबाई मागोमाग, आणि बाईसाहेब पालखीच्या पडद्याकडे पाहत होत्या आणि पाय पुढे पडत होते, आणि मनात एवढेच येत होते की अजून दहा पावले काहीच कळलेले नाही, अजून पाच पावले काहीच कळलेले नाही. मग पालखी भुईस टेकली, पडदा आतोन सरला, आणि एक वाळलेला हात बाहेर आला.

रायाजीराजे उतरले. ज्वराने हाडे दिसत होती, वारा सोसवत नाही म्हणोन पडदे पाडले होते, आणि शिंगाड्या वाटेत साप चावोन गेला, म्हणोन शिंग वाजले नव्हते. त्यांनी मंदील काढिला, तो डोके सारे पांढरे.  राजांनी भोवती पाहिले, वाटेत सगळे वर्तमान ऐकले होते, आणि हैबतरावांकडे वळोन म्हणाले, "आमचे केस पाहोन काय ठरवितां, भाऊ? आम्ही आहो की गेलो?" हैबतरावांनी खाली पाहोन मुजरा केला, आणि राजांनी तो विषय तेथेच सोडिला. मग ते बाईसाहेबांपाशी आले, त्यांचा पदर वाऱ्याने सरला होता, आणि मुळाशी पांढरे, मध्ये तांबडे, खाली काळे, ऐसे ते डोके पाहोन राजे म्हणाले, "हे काय केलेत?"

"घरी रंगविले," बाईसाहेब म्हणाल्या.

"बरे नाही लागले."

आणि हौसाबाईसाहेब, ज्या आषाढापासोन कोणासमोर रडल्या नव्हत्या, त्या वेशीच्या पायरीवर बसल्या आणि हसू लागल्या, आणि हसता हसता रडू लागल्या, आणि राजे त्यांच्या शेजारी बसले, कारण त्यांसही उभे राहवत नव्हते.

एकंदर तात्पर्य इतके. ठाणे घेतले, राज्य राखिले, धनी परतले, नणंद-भावजय एका ताटात जेवू लागल्या. कलप घरी लाविला म्हणोन बकुळेने रागावोन चार दिवस केशगृह बंद ठेविले आणि पाचवे दिवशी उघडिले. केस तेवढे पिकले ते पिकले, त्यास इलाज नाही. लेखनसीमा.